दार लावून घेतलेली सही

आई आता फार दिवसांची सोबती नाही, हे घरात सगळ्यांना कळलं होतं. सगळ्यांना म्हणजे आईला आणि ताईला. राजाला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी ताईला दवाखान्याच्या जिन्यात गाठलं आणि म्हणाले, घरी न्या, जे खावंसं वाटेल ते द्या. डॉक्टर पथ्य सोडायला सांगतात तेव्हा त्यांनी हात टेकलेले असतात, एवढं समजायला ताईला कुणाची गरज नव्हती. तिने आईची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी लावली, औषधाच्या बाटल्या हाताशी मांडल्या आणि रडणं पुढे ढकललं. रडण्याआधी एक काम उरकायचं होतं. ते काम राजाचं होतं.

राजा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वय चाळिशीला टेकलेलं आणि समज आठ वर्षांच्या पोराची. दाराबाहेरच्या चपला जोडीने लावून ठेवायचं काम त्याने स्वतःच स्वतःला नेमून दिलं होतं. पाहुण्याने चपलेतून पाय काढायचा अवकाश, की राजा वाकलाच. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दुपारी राजा तिचा डबा घेऊन यायचा, आणि मग संध्याकाळपर्यंत तिच्या शेजारच्या स्टुलावर बसून तयार चष्मे पुसायचा. इतके लख्ख पुसायचा, की मालक म्हणायचे, या काचांतून गिऱ्हाइकाला परवाचंसुद्धा दिसेल. राजा कधी खोटं बोलत नसे. त्यात चांगल्या वळणाचा वगैरे काही भाग नव्हता. खोटं बोलतात कसं, हेच त्याला उमगलेलं नव्हतं.

ताईचं लग्न राहून गेलं होतं, आणि अख्खी गल्ली तिला बिचारी म्हणायची. भाऊ गळ्यात पडला, पोरीचा जन्म गेला, वगैरे. लोकांना बोलायला काय जातं? दुकानातून परतताना राजा तिला आतल्या बाजूला ठेवून स्वतः गाड्यांच्या बाजूने चालायचा. कुणीतरी कधीतरी त्याला तसं सांगितलं होतं आणि तो ते वर्षानुवर्षं पाळत होता. ताईला तो हवा होता. तिला घरात दुसरं काही नसलं तरी चालणार होतं, पण तो हवा होता.

अडचण कायद्याची होती. राजा सज्ञान झाला तेव्हा कोर्टाने आईला त्याची पालक नेमलं होतं. आई गेली की पालक गेला. ताईने दुकानातून सुट्टी काढून पालकत्व मंडळाचं कार्यालय गाठलं, तेव्हा तिथल्या कारकुनाने तिला समजावलं, की बहीण असणं हे नातं झालं, नेमणूक नव्हे. आईने शुद्धीत असताना नोटरीसमोर शपथेवर सांगायला हवं, की माझ्यामागे याला अमक्याकडे द्या. नाहीतर मंडळाची चौकशी संपेपर्यंत राजा सरकारी निवासात. चौकशी किती दिवस चालते असं ताईने विचारलं, तर कारकून खिडकीबाहेर बघायला लागला. मग त्याला तिची दया आली असावी. तो म्हणाला, नोटरी मात्र बघून निवडा. शिक्का सगळ्यांचा सारखाच गोल असतो. आम्ही शिक्का बघत नाही, शिक्का मारणाऱ्याने माणूस बघितला होता का, ते बघतो.

सरकारी निवास हे नाव ताईला नवीन नव्हतं. काही वर्षांपूर्वी आईचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा ताईने दवाखाना सांभाळायचा म्हणून राजाला तिथे ठेवलं होतं. थोड्याच दिवसांचा प्रश्न होता. आणायला गेली तेव्हा राजा भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि त्याच्या दोन्ही मनगटांवर काळेनिळे वळ होते. रात्री उठून दाराशी जातो, चपला लावत बसतो, म्हणून बांधावं लागतं, असं तिथल्या माणसाने सरळ तोंडावर सांगितलं. राजा महिनाभर कुणाशी धड बोलला नाही. आईच्या पोटाचे टाके तेव्हा ओले होते. कशाला तिच्या जिवाला घोर, म्हणून ताईने तिला सांगितलं, की राजा तिथे छान राहिला, रुळला, येताना रडलासुद्धा. राजालाही बजावलं, आईला त्यातलं काही बोलायचं नाही. राजा खोटं बोलत नसे, पण बोलू नको म्हटलं तर गप्प बसायचा. वळ गेले, आणि ते प्रकरण तिथेच मिटलं असं ताईने धरून चाललं होतं.

तर नोटरी. कोर्टाच्या भिंतीला लागून टेबलांची रांगच होती. एकेका टेबलामागे एकेक नोटरी, शेजारी टायपिस्ट आणि मध्ये शाईचा पॅड. ताई पहिल्या टेबलाशी थांबली. तिथल्या गृहस्थांनी तिचं बोलणं अर्धं ऐकून कागद पुढे ओढला. आईला आणायची काही गरज नाही म्हणाले. घरी जा, अंगठा उठवून आणा, मी इथे शिक्का मारतो, पाच मिनिटांचं काम. बोलता बोलता त्यांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी कागदावर शिक्का मारला, न बघता. ताई काचा घासणारी बाई. नंबर थोडा चुकला तर माणूस पायरी चुकतो, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. कारकुनाचं बोलणं तिच्या डोक्यात होतं आणि इथे तर उघडउघड माणूस न बघताच शिक्का होता. तिने हात जोडले आणि काढता पाय घेतला.

मालकांच्या मुलीने मग तिला पडद्यावरच्या नोटरीचं सुचवलं. कुठे जायला नको की यायला नको; मोबाइल आईसमोर धरायचा, नोटरी तिकडून प्रश्न विचारतो, सगळं रेकॉर्ड होतं. ताईला ते पटलं, कारण त्यात निदान माणूस माणसाला बघत होता. कागद तिने स्वतः लिहून घेतला: माझ्यामागे माझा मुलगा माझ्या मुलीकडे राहावा. आईला तिने तो वाचून दाखवला. आई खिडकीकडे बघत होती. ताईने ते ‘ऐकलं’ असं समजून सोडून दिलं. या घरात तशीच पद्धत होती. आई कमी ऐकायची, त्यामुळे डॉक्टरांना, दुकानदाराला, पाहुण्यांना आईच्या वतीने ताईच उत्तर द्यायची, आणि आईला विचारत बसायला कुणाला वेळ नसायचा.

आई भलतंसलतं बोलेल या धास्तीने ताईने आदल्या दिवशी तिची तयारी करून घेतली. तो पडद्यावरचा नोटरी काय वाटेल ते विचारेल, तू मध्ये बोलू नकोस, फक्त हो म्हण. आई म्हणाली, बरं.

आणि झालं ते असं. पडद्यावर कानाला हेडफोन लावलेला एक तरुण नोटरी आला. हे तुमचंच नाव का? हो. कागद वाचून दाखवला का? हो. सही तुमच्या मर्जीने करताय का? हो. ताईचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच त्याने विचारलं, सही करण्यासाठी कुणी तुमच्यावर दबाव आणतंय का?

"हो," आई म्हणाली. अगदी ठणठणीत आवाजात.

ताई मध्ये पडली. अहो तिला कमी ऐकू येतं, मीच तिला तसं सांगितलं होतं. म्हणजे आगीत तेलच. तो तरुण नम्रपणे म्हणाला, की तुम्ही सांगितलं होतं हेच मला लिहावं लागेल, आणि पडदा काळा झाला. ताई डोक्याला हात लावून बसली. आई बिचकून म्हणाली, तूच म्हणाली होतीस ना हो म्हण म्हणून? आणि मग दोघींनाही हसू फुटलं. राजा कशाला हसतात ते न कळता त्यांच्याबरोबर हसला. आईला हसता हसता धाप लागली आणि ताईला तिच्या पाठीवर बराच वेळ हात फिरवत बसावं लागलं. त्या घरातलं ते शेवटचं हसणं.

आता चूक करून चालणार नव्हतं. पहिल्याच प्रयत्नावर दबावाचा शेरा बसला होता. पुढचा कागद असा हवा होता, की मंडळाला त्यात बोट घालायला जागा मिळू नये. ताईने चौकशी करकरून घरी येणारी एक नोटरी शोधली. सगळे सांगत, बाई फार कडक आहे, नसती कटकट. पण तिचा कागद आजवर कुठल्या कचेरीतून परत आलेला नाही. ताईला हेच हवं होतं. बाईंनी फोनवर तिचं काहीही ऐकून घेतलं नाही. आधी आईंना फोन द्या म्हणाल्या. मग डॉक्टरांचा दाखला मागितला, की पेशंट पूर्ण शुद्धीत आहे आणि विचार करून निर्णय घेऊ शकते. साक्षीदार माझी मी आणीन म्हणाल्या, घरचा नको. ताई मनात म्हणाली, शिक्का घ्यायचा तर असा बघून मारणाऱ्याकडूनच.

बाई आल्या. पिकलेले केस, खांद्याला जड बॅग, बरोबर एक अबोल मदतनीस. राजाने त्यांचे बूट जोडीने लावले. बाईंनी त्याचे आभार मानले, ताईने लिहून ठेवलेला कागद हातात घेतला, वाचला आणि म्हणाल्या, आता सगळ्यांनी बाहेर जायचं. ताई म्हणाली, तिला कमी ऐकू येतं, मी जवळ असले तर बरं. बाई म्हणाल्या, मी मोठ्याने बोलेन. आणि त्यांनी दार लावून घेतलं.

ताई स्वयंपाकघरात उभी राहिली. बाईंचा मोठा आवाज भिंतीतून यायचा, पण शब्द लागत नव्हते. आईचा आवाज येत नव्हता. राजा बंद दाराकडे टक लावून बघत होता. त्या घरात दिवसा दार लावून घेण्याची पद्धत नव्हती. चहा दोनदा गरम झाला. मग दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या.

"आईंनी सही केली आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही लिहून ठेवलेल्या कागदावर नाही. त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलं, मी लिहून घेतलं, त्यांना परत वाचून दाखवलं. ही तुमची प्रत. मूळ कागद आजच मंडळात जाईल."

ताईने तो उभ्या उभ्याच वाचला. माझ्यामागे माझ्या मुलाला सरकारी निवासात ठेवावं. तिथे तो पूर्वी राहिला आहे आणि चांगला राहिला आहे. माझ्या मुलीला त्याची पालक नेमू नये. तिने मागितलं तरी नेमू नये. खाली आईची थरथरती सही, साक्षीदाराची सही, डॉक्टरांच्या दाखल्याचा उल्लेख, आणि नीट, ठळक, कुठेही न फुटलेला शिक्का.

बाई काही समजावत होत्या, की आईंनी मन बदललं तर त्यांना नवीन कागद करता येतो, त्यांनी स्वतः बोलावलं पाहिजे एवढंच. ताईने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. बाई गेल्या, आणि ती आईच्या खाटेशी जाऊन उभी राहिली. ती संतापली होती. आई शांत होती. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान होतं.

"त्या बाईंनी मला विचारलं, तुम्हाला काय हवंय," आई म्हणाली. "मला असं कुणी विचारलंच नव्हतं गं. मी म्हटलं, माझी पोरगी सुटू दे."

"मला विचारलंस?"

"तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. तुझ्या हो म्हणण्यावरच तर चाळीस वर्षं काढली आम्ही."

ताई म्हणाली, मला सुटायचं नाहीये. आई म्हणाली, आज तसं वाटतं. मी गेले की एकटीने करताना कळेल. आणि राजाचं काय वाईट होणार आहे? तिथे तो रुळला होता, तूच सांगितलं होतंस, येताना रडलासुद्धा.

एवढी वर्षं पुरून ठेवलेलं ताईने मग एका दमात बाहेर काढलं. वळ सांगितले, भिंत सांगितली, तो महिनाभर बोलला नाही ते सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि मान हलवली. लहान पोराची समजूत काढताना हलवतात तशी. आई म्हणाली, आता कागद झाला म्हणून सांगतेस होय? तेव्हा खरं होतं की आता खरं आहे? तिचा विश्वास बसला नाही. आणि का बसावा? ताईने आपल्या हाताने तिला एक गोड गोष्ट दिली होती आणि आईने तीच शपथेवर लिहून दिली होती.

ताई बाहेर आली आणि राजाच्या शेजारी जमिनीवर बसली. राजाला काही कळलं नव्हतं, पण घरात काहीतरी बिनसलंय हे त्याला जाणवलं होतं. तो फडकं घेऊन तिचा चष्मा पुसायला मागत होता. तिने चष्मा त्याला दिला आणि विचारलं, राजा, तुला कुठे राहायला आवडेल? माझ्याजवळ, की ते मोठं घर होतं ना, तिथे? विचारताना तिच्या लक्षात आलं, की हा प्रश्न घरातल्या कुणीच त्याला आजपर्यंत विचारला नव्हता, तिनेही नाही. राजाने खूप विचार केला. मग चष्मा तिच्या हातात देत म्हणाला,

"आईला विचारून सांगतो."

तो उठला. ताईने त्याला अडवलं नाही. रागच आला होता तिला, खोटं कशाला बोला. जाऊ दे, म्हणाली, तिच्या तोंडावर विचारू दे. राजा आत गेला आणि बाईंनी केलं होतं तसं त्याने मागे दार लावून घेतलं.

तो बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा बाहीची बटणं सुटलेली होती, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. परीक्षेत पास झालेल्या मुलासारखा तो ताईपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "आई म्हणाली, ताईजवळ राहा. आणि ताईला त्रास देऊ नकोस." मग त्याला काही आठवलं आणि त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, मी आईला सांगितलं, तिथे हात बांधायचे. तू नको म्हणाली होतीस. पण आईने विचारलं.

आत आई रडत होती. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. ताईला बघून तिने हात पुढे केला.

"बोलव त्या बाईला," ती म्हणाली. "परत बोलव. आजच."

ताईने तिथल्या तिथे फोन लावला. बाई दुसऱ्या गावी एका आजाऱ्याकडे निघाल्या होत्या. म्हणाल्या, उद्या सकाळी सगळ्यात आधी तुमच्याकडे. आईने स्वतः फोनवर सांगितलं, या, मला बदलायचंय. काय बदलायचंय ते फोनवर सांगू नका, म्हणाल्या बाई; ते समोरासमोर, त्याला नियम आहे. आईने बरं म्हटलं. तिने त्या संध्याकाळी दोन घास जास्त खाल्ले. ताईचा हात धरून म्हणाली, तू तरी एवढं का लपवलंस गं? ताई म्हणाली, तुला त्रास नको म्हणून. आई म्हणाली, मीसुद्धा तेच केलं. उद्यावर सोपवता येण्यासारखं आता एकच काम उरलं होतं.

सकाळी ताई औषध द्यायला गेली, तर आईचं तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे होते. ताईने हाक मारली, गाल थोपटले, चमच्याने पाणी घातलं ते ओठांतून खाली ओघळलं. डॉक्टर आले, डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि म्हणाले, हे यायचंच होतं. आता बोलणं परत येईल असं मी म्हणणार नाही. आणि शुद्धीचा दाखला? ताईने विचारलं. डॉक्टरांनी तिच्याकडे असं बघितलं, की तिला स्वतःचीच लाज वाटली. पण तिने परत विचारलं. ते नाही म्हणाले.

बाई ठरल्या वेळेला आल्या. राजाने त्यांचे बूट जोडीने लावले. दारातच ताईने त्यांना सगळं सांगितलं, पण बाईंनी कालच्यासारखंच सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. त्यांचा मोठा आवाज येत राहिला. एक प्रश्न, मग शांतता; तोच प्रश्न, मग पुन्हा शांतता. ताई दाराला कान लावून उभी होती. मरणाऱ्या आईकडे तिने आयुष्यात कधी मागितलं नव्हतं असं काहीतरी ती मागत होती: एक शब्द बोल, फक्त एक. आतून बाईंचाच आवाज तेवढा येत होता.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"त्यांनी माझं बोट धरून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "सोडवून घ्यावं लागलं. पण त्याचा अर्थ काय, ते मला लिहिता येत नाही. लिहिलं तर मंडळ विचारेल, कशावरून? आणि माझ्याकडे उत्तर नाही."

ताई भांडली. तिच्या आयुष्यात ती इतकं कुणाशी भांडली नव्हती. काल फोनवर आईनेच सांगितलं ना, मला बदलायचंय? बाई म्हणाल्या, सांगितलं. काय बदलायचंय ते सांगितलं नाही; मीच सांगू दिलं नाही. ताई म्हणाली, मी सांगते काय ते, मला आईने सांगितलं. बाई म्हणाल्या, तुमच्याच बाजूचं तुम्ही सांगून चालत नाही. मग कुणी सांगायचं? ताई ओरडली. दुसरं कोण होतं इथे?

"मी होतो," राजा म्हणाला.

दोघींनी वळून बघितलं. राजा भिंतीशी उभा होता. काल या बाईंनी माणसं बाहेर काढली, दार लावलं, आणि मग आईला विचारलं. हे सगळं त्याने नीट बघितलं होतं आणि त्याच्या हिशेबात आता त्याची पाळी होती. तो पुढे आला, हात अंगाशी सरळ ठेवले आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. मग म्हणाला, दार लावलं होतं. ताई बाहेर होती. मी आईला विचारलं, मी कुठे राहू? आई म्हणाली, हात दाखव. मी दाखवले, कुठे बांधायचे ते. आई म्हणाली, ताईजवळ राहा. आणि ताईला त्रास देऊ नकोस.

बाईंनी ते सगळं उभ्यानेच ऐकलं. मदतनिसाने वही उघडली होती, त्याला त्यांनी डोळ्यांनी नको म्हटलं. ज्या माणसाला स्वतःचा पालक लागतो, त्याची साक्ष कायद्याला साक्ष वाटत नाही. हे त्या खोलीत राजा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही बाईंनी तो प्रश्न विचारला, जो त्या प्रत्येकाला विचारत असत.

"हे सांगायला तुमच्यावर कुणी दबाव आणला का?"

"नाही," राजा म्हणाला.

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि पेन बॅगेत ठेवलं. शिक्क्याची डबी त्यांनी उघडलीच नव्हती. राजा त्यांच्या हातांकडे बघत होता.

"लिहिलंत ना?" त्याने विचारलं.

बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी मान खाली घातली. राजा वाट बघत उभा राहिला. मग त्याने ताईकडे बघितलं.

"लिहिलं, राजा," ताई म्हणाली. "सगळं लिहिलं."

राजाचा चेहरा खुलला, आणि तो आईला सांगायला आत गेला.